जोत्याखालचा खर्च



मागच्या अंकात कोलाम कुटुंबांच्या घरांचा अंदाजखर्च छापला होता. तो वाचून दोन-तीन मंडळ्यांकडून एकच प्रश्न आला: पाया एवढा महाग कसा? एका वडीलधाऱ्या बांधवांनी तर विचारले, "पत्र्याचं साधं घर, त्याला पाइल कशाला? पाइल पुलाला लागतात." बांधकामाचे काम मी पाहतो, म्हणून उत्तरही मीच लिहावे असे ठरले.

आधी जागेविषयी सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांत कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांना पोड म्हणतात. काही पोड डोंगरउतारावर आहेत. तिथे हातभर खणले की मुरूम लागतो. काही पोड मात्र सखल भागात, कापसाच्या काळ्या जमिनीत आहेत. उतारावरच्या घराला पाइल घालणे म्हणजे आपले पैसे वाया घालवणे, आणि काळ्या जमिनीत न घालणे म्हणजे घर वाया घालवणे. एकाच तालुक्यात दोन पोडांचे अंदाजखर्च वेगळे दिसतात, त्याचे कारण हे आहे.

काळी माती ही काळ्या दगडाची झीज होऊन बनलेली अतिशय बारीक चिकणमाती. तिचे कण पाणी आत घेऊन फुगतात आणि उन्हाळ्यात ते पाणी गेले की आकसतात. मे महिन्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शेतकऱ्याला ही माती सोन्यासारखी, कारण ती ओल धरून ठेवते. घराला तिचा हाच गुण नडतो. जमीन दरवर्षी खालीवर होते, आणि सगळीकडे सारखी होत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी घराच्या कडेने मुरते, म्हणून आधी कडा उचलल्या जातात. घराखालची मधली माती कोरडीच असते. उन्हाळ्यात उलट होते, कडा सुकून खाली बसतात आणि मधली लादी पोट पुढे काढल्यासारखी फुगलेली दिसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. दार पावसाळ्यात अडकते आणि उन्हाळ्यात आपोआप नीट लागते. दाराचा हा चाळा दिसला की सुताराला बोलावून उपयोग नाही, दुखणे जमिनीत आहे.

लोक म्हणतात, घर खचले. पुष्कळदा ते खचलेले नसते, वर ढकलले गेलेले असते. यावरून त्या बांधवांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. नऊ इंची विटांची तीन मीटर उंच भिंत धावत्या मीटरला साधारण सव्वा टन भरते. वर काँक्रीटचा स्लॅब असेल तर त्यात आणखी अर्धा टन तरी येतो. पत्रा मात्र चौरस मीटरला पाच-सहा किलोच. माती खालून रेटते तेव्हा वरचे वजनच तिला दाबून धरत असते. म्हणून काळ्या जमिनीत पत्र्याच्या हलक्या घराला जड घरापेक्षा जास्त त्रास होतो. "घर हलकं, पाया हलका" हा हिशेब इथे लागू पडत नाही.

मग जुन्या घरांना हे का जमले? कोलामांचे जुने घर लाकडी मेढी, कुडाच्या भिंती आणि वरून शेणामातीचा लेप असे असायचे. जमीन हलली तर कूड वाकायचा, लेपाला भेग पडायची, आणि घरातली बाई सणाच्या आधी लिंपून ती बुजवायची. विटा-सिमेंटच्या भिंतीला वाकता येत नाही, ती तडकते. एका पोडावर मी असे पक्के घर पाहिले आहे. त्या घरची आजी पावसाचे चार महिने शेजारच्या जुन्या खोपटात झोपते, कारण पक्क्या घराच्या मागच्या भिंतीतून बाहेरचा उजेड दिसतो. ते घर बांधून तेव्हा चारच वर्षे झाली होती. तिच्या सुनेने मला विचारले, "जुनं बरं होतं का, भाऊ?" घर मिळाल्याचा आनंद त्या घरात किती दिवस टिकला असेल, याचा विचार दान देणाऱ्या आपण सर्वांनी करावा असे मला वाटते.

आता पायाचे प्रकार. साधे फूटिंग म्हणजे भिंतीखाली चर खणून किंवा कॉलमखाली चौकोनी खड्डा खणून घातलेला रुंद काँक्रीटचा पाया. काळी माती मीटर-दीड मीटरच असेल तर तिच्यातून खाली उतरून मुरमावर फूटिंग टेकवावे. हे सर्वांत स्वस्त आणि चांगले. ज्याला खडकावर घर बांधायचे आहे त्याने खडक लागेपर्यंत खणावे, एवढेच. (वाळूवरच्या घराची गोष्ट आपण सर्वांनी शाळेपासून ऐकली आहे. बांधकाम करणारा म्हणून सांगतो, पुराचे पाणी खालून वाहून नेणार नसेल तर दाबून बसलेली वाळू पायाला काळ्या मातीपेक्षा कितीतरी बरी.)

दुसरा प्रकार संपूर्ण घराखाली एकच स्लॅब, ज्याला राफ्ट म्हणतात. घराचे वजन सगळ्या क्षेत्रावर वाटले जाते, म्हणून मऊ किंवा भराव घातलेल्या जमिनीवर तो उपयोगी पडतो. पण काळ्या मातीत प्रश्न वजनाचा नसून असमान फुगण्याचा आहे. म्हणून तिथे स्लॅबला कडेने आणि मधून खाली उतरणाऱ्या बीम हव्यात, म्हणजे माती कुठेही उचलली तरी स्लॅब न वाकता एकसंध राहील. चार इंची काँक्रीट जमिनीवर ओतून त्याला "राफ्ट घातला" म्हणणारे गवंडी मला भेटले आहेत. ती फक्त जाड लादी झाली. शिवाय स्लॅबखालची माती काढून मुरूम भरावा लागतो. मुंबईच्या आयआयटीचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण मीटरभर थर दाबून बसवला, तर खालच्या काळ्या मातीचा उठाव पुष्कळ आवरता येतो. आपला चांगला मुरूम असाच असतो. मुरमाची खाण जवळ असेल तर हा मार्ग परवडतो. ट्रॅक्टर वीस किलोमीटरवरून आणावा लागला तर नाही.

आणि तिसरा प्रकार, पाइल. पुलाचे पाइल प्रचंड असतात, आपले नव्हेत. मोठ्या गिरमिटाने चार माणसे हातांनी जमिनीत भोक पाडतात. रुंदी २५ सेंटिमीटर, खोली साडेतीन मीटर. खोल काळ्या जमिनीत ऋतूंप्रमाणे ओल कमीजास्त होणे साधारण एवढ्या खोलीपर्यंत चालते, त्याखाली माती वर्षभर शांत असते. तळाजवळ दुसरे हत्यार उतरवून भोक अडीचपट रुंद करतात, म्हणजे काँक्रीट भरल्यावर खाली कांद्यासारखा गड्डा तयार होतो. वरची माती फुगून पाइलला वर ओढू लागली की हा गड्डा त्याला धरून ठेवतो. सळयांचा पिंजरा म्हणूनच वरपासून तळापर्यंत लागतो. अर्ध्यावर सोडला तर पाइल मधेच तुटतो. या पद्धतीवर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने मोठे काम केले आहे, आणि तिला भारतीय मानक आहे.

खर्चाचे म्हणाल, तर पाच मीटर बाय पाच मीटरच्या घराला नऊ पाइल बसतात. त्यांना साधारण दोन घनमीटर काँक्रीट लागते. तेवढ्याच खोलीवर चर खणून पाया न्यायचा म्हटले, तर नुसते खोदकामच पन्नास घनमीटरांवर जाईल. म्हणजे खोल काळ्या मातीत पाइल हाच स्वस्त मार्ग आहे. सरकारी घरकुलाला सपाट भागात २०२४ मध्ये १ लाख २० हजार रुपये मिळत होते. कोलाम, कातकरी, माडिया गोंड यांच्यासाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेतून तेव्हा २ लाख मिळत होते. त्या रकमेत जोत्याच्या वरचे काम कसेबसे भागते. खालचा फरक आपण भरतो, तो तुम्ही पाहिलेला आकडा.

पाइलच्या डोक्यांवर बीम बसते आणि बीमवर भिंत. बीम आणि जमीन यांमध्ये आठ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणजे माती वर आली तरी बीमला टेकणार नाही. नेमकी हीच फट लोकांना खुपते. साप शिरेल म्हणून कोणीतरी तिच्यात दगड-माती ठासून भरतो, आणि सगळे पाइल फुकट जातात. भीती खोटी नाही, पोडावर साप असतातच. म्हणून बाहेरून पातळ वीट उभी लावून फट झाकतो, आतली पोकळी तशीच ठेवतो. लादीही भिंतीला जोडायची नाही. तिच्याखालची काळी माती काढून मुरूम भरायचा. न्हाणीचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू द्यायचे नाही, कारण एका कोपऱ्यात रोज बादलीभर पाणी म्हणजे त्या कोपऱ्याला बारमाही पावसाळा.

कुठे कोणता पाया, हे आम्ही अंदाजाने ठरवत नाही. प्रत्येक जागी खड्डा घेतो आणि माती तपासतो. चाळणी सोपी आहे: वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन काचेच्या मापनळ्यांत घ्यायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपट किंवा जास्त भरली, तर ती जागा धोक्याची.

यंदाच्या दोन पोडांपैकी एकावर नव्वद सेंटिमीटरवर मुरूम लागला आहे. तिथे साधे फूटिंग होईल, आणि त्या घरांचा खर्च छापल्यापेक्षा कमी येईल. दुसऱ्यावर तीन मीटर खणूनही काळी मातीच आहे, आणि मापनळीत ती दुपटीवर गेली. तिथे पाइल. भोके कोरड्या दिवसांतच पाडावी लागतात, कारण ओलीत ती ढासळतात, आणि पाडलेले भोक त्याच दिवशी भरावे लागते. गिरमिट भाड्याने मिळाले आहे. मृगाच्या आधी सगळ्या बीम ओतून व्हायला हव्यात, म्हणून भिंतींची रक्कम नंतर आली तरी चालेल, पायाची मात्र आत्ता लागते.