बाळाच्या वाढीचीही एक वही ठेवा

आज एक प्रश्न विचारतो. यंदा कांद्याचे रोप कोणत्या तारखेला टाकले? लागण कधी केली? पहिली खुरपणी कधी झाली? तुम्ही चटकन सांगाल. आता दुसरा प्रश्न. तुमचे धाकटे मूल पालथे कधी पडले? आधाराशिवाय कधी बसले? हाकेसरशी मान कधी वळवू लागले? इथे बहुतेक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या बाजूला भामा नदीकाठच्या एका गावात रब्बी कांद्याची पाहणी करायला गेलो होतो. हा सगळा भाग कसा बदलला, ते तुम्ही पाहिलेच आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पुढे कारखाने नाशिक रस्त्याने सरकत चाकणपर्यंत पोहोचले. आता घरटी एक जण पाळीवर जातो आणि उरलेले शेती पाहतात. हे घरही तसेच. घरधनी कारखान्यात, घरधनीण दोन एकर कांद्यात, सोबतीला म्हातारी आई. पदरी दोन लेकरे. थोरली चार वर्षांची, धाकटा चौदा महिन्यांचा.

घरधन्याची वही पाहून मी खूश झालो. रोप टाकल्याची तारीख, पन्नासाव्या दिवशी लागण, खताचे हप्ते, फवारण्या, सगळे नीट लिहिलेले. माना पडू लागण्याची वेळ जवळ आली होती, म्हणून शेवटचे पाणी कधी तोडायचे ते बोललो आणि ओसरीवर चहाला बसलो.

त्याची रात्रपाळी चालू होती. तो सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपायचा. दोन खोल्यांचे घर, त्यामुळे तोवर घरात मोठ्याने बोलायचे नाही, असा दंडक. थोरली कुजबुजत बोलायची. भांडीसुद्धा हळू ठेवली जायची. धाकटा मात्र कधी कोणाला त्रास देत नव्हता. आजी कौतुकाने म्हणाल्या, "साहेब, लई गुणाचं पोरगं. बाप निजला तर आवाज म्हणून करत नाही."

तेवढ्यात थोरली म्हणाली, "त्याला मागून हाक मारली ना, तर तो बघतच नाही. पुढं जावं लागतं."

सगळे हसले. मला हसू आले नाही. मी तांब्यावर वाटी वाजवली. थोरलीने कानावर हात ठेवले. धाकटा जमिनीवरच्या मुंग्या पाहत होता. तो तसाच पाहत राहिला.

मी डॉक्टर नाही, शेतकीचा पदवीधर आहे. पण पान पिवळे दिसले तर "रंगच तसा असेल" म्हणून आपण सोडून देत नाही, हे मला कळते. मी म्हटले, "वहिनी, याचे कान तपासून घ्या. कांदा निघायची वाट पाहू नका." त्या गेल्या. तपासणीत निघाले, की दोन्ही कानांना फार कमी ऐकू येते. यंत्र बसवले, बोलण्याचे शिक्षण सुरू झाले. पुढे अडीच वर्षांचा असताना तो प्रथम "आई" म्हणाला. ते सांगताना त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, "साहेब, मी त्याच्या शांतपणाची दृष्ट काढत होते."

दोष कोणाचाच नव्हता. कष्टाच्या घरात गप्प राहणारे मूल सगळ्यांनाच बरे वाटते. पण गेलेले महिने परत येत नाहीत. भाषा शिकण्यासाठी पहिली दोन-तीन वर्षे फार मोलाची असतात. रोपवाटिकेत अडखळलेले रोप पुढे कितीही खत घातले तरी पूर्ण भरून येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे?

म्हणून कांद्याच्या वहीशेजारी बाळाचीही वही ठेवा. चार ओळी पुरेत. ढोबळ वेळापत्रक असे: दोन महिन्यांच्या सुमारास बाळ तोंडाकडे पाहून हसते. चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते. सहाव्याच्या आसपास पालथे पडते, आवाजाकडे वळते. नवव्यापर्यंत आधाराशिवाय बसते. वर्षाच्या सुमारास एखादा शब्द बोलते. बहुतेक मुले बारा ते पंधरा महिन्यांत चालू लागतात. दोन वर्षांचे मूल "पाणी दे" असे दोन शब्द जोडते. वजन पाच महिन्यांच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते.

थोडे मागेपुढे झाले तर घाबरू नका. सगळी रोपेही एका दिवशी उगवत नाहीत. पण सहा महिन्यांचे होऊन आवाजाकडे वळत नसेल, नऊ महिन्यांचे होऊन बसत नसेल, दीड वर्षाचे होऊन चालत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल, तर "त्याचा बापही उशिराच बोलला" असे म्हणून थांबू नका. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत येऊन मुले तपासतात. त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका.

त्याच वहीत लसींच्या तारखा लिहा. जन्मल्यावर, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, नऊ महिन्यांना, दीड वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या वर्षी. शेवटच्या दोन बहुधा विसरतात, कारण तोवर मूल पळू लागलेले असते. सहा महिने फक्त आईचे दूध द्या. मग पेज, घोटलेले वरण-भात, नाचणी सुरू करा. वर्षाच्या आत मध चाटवू नका. आपली रीत जुनी असली, तरी तान्ह्या बाळाला त्यातून विषबाधा होऊ शकते.

आणि थोरलीला विसरू नका. धाकटे आले की चार वर्षांचे मूल एकदम "मोठे" ठरते. त्याला पाळणा ओढायला लावतो, पण त्याचे ऐकत नाही. त्या घरात खरी गोष्ट पहिल्यांदा थोरलीलाच कळली होती, कारण धाकट्याशी खेळत तीच होती. रोज संध्याकाळी तिला विचारा, "आज बाळाने नवीन काय केले?" ती सांगेल ते लिहून ठेवा. तिचाही मान राहील आणि वहीही भरेल.

पाळीवरच्या बापांना एक विनंती. झोप तुमच्या हक्काचीच आहे. पण उठल्यावर अर्धा तास दोन्ही लेकरांना द्या. मागे उभे राहून हळूच नावाने हाक मारा. वळून हसले, तर तारीख लिहा. नाही वळले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा, आणि मग थेट दवाखाना गाठा.

मागच्या वर्षी त्याच गावी पुन्हा गेलो. कांदा ऐरणीत भरलेला होता. कानाला यंत्र लावलेला मुलगा बहिणीच्या मागे धावत ओरडत होता. बाप रात्रपाळी करून आत झोपला होता. मी त्याला गप्प करायला गेलो, तर आजींनी मला अडवले. म्हणाल्या, "राहू द्या साहेब. ओरडू द्या त्याला."