कचऱ्याच्या डोंगरावर उगवलेलं रान : माहीमचं निसर्ग उद्यान

मुंबईत चढ-उतार नको, दमछाक नको, फक्त झाडांखालून तासभर चालायचंय? मग धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जाच.

आज इथे सावली एवढी दाट आहे की खरं वाटणार नाही, पण 1970च्या दशकापर्यंत इथे शहराचा कचरा टाकला जायचा. त्या कचऱ्यावर माती घालून 1983 साली झाडं लावायला सुरुवात झाली आणि पहिली रोपं लावणाऱ्यांत पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली होते. 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. सुमारे 37 एकरांचं हे रान माणसांनी लावून वाढवलंय, आणि मला ते मुंबईतल्या कुठल्याही सजवलेल्या बागेपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

पायवाटा बहुतेक सपाट आहेत, त्यामुळे आजी-आजोबांना घेऊन निवांत फिरता येतं. आत पावसाचं पाणी साठवणारं तळं आहे. तिथे मात्र घाई करू नका. काठावर गप्प उभं राहिलात तर खंड्या दिसायची चांगली संधी असते. नदीच्या बाजूला तिवरांची झाडी आहे.

फुलपाखरांसाठी पावसाळा सरतानाचे दिवस उत्तम. नीलवंत, म्हणजे 2015 पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. अशी झाडं दिसली की पानं जरूर निरखा.

सकाळी लवकर जा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला (डास असतात!) आणि निघण्यापूर्वी वेळ व तिकिटाची चौकशी करा.