उताणी वाटी, पालथी वाटी

संध्याकाळची वेळ. तुम्ही कणीक मळताय आणि नववीतली लेक पुस्तक घेऊन ओट्याशी येते. "आई, संयोग संच म्हणजे काय गं?" तुम्ही पटकन म्हणून जाता, "मला नाही बाई गणित येत. बाबा आले की विचार." खरं ना? पण मैत्रिणींनो, या एका वाक्यातून ती काय शिकते? गणित हे बायकांचं काम नव्हे, एवढंच! आणि गंमत म्हणजे, हे गणित तुम्ही रोज करता.

संच म्हणजे नेमका ठरवता येईल असा गट. 'घरातल्या स्टीलच्या वाट्या' हा संच झाला. 'घरातल्या छान वाट्या' हा नव्हे. तुम्हाला छान वाटेल ती सासूबाईंना वाटेलच असं नाही!

आता फरशीवर खडूने दोन मोठी वर्तुळं काढा, एकमेकांत थोडी शिरलेली. एक पोह्यांचं, एक उपम्याचं. लेकीला सामान मांडू द्या. पोहे, शेंगदाणे, हळद पहिल्यात. रवा, उडीद डाळ, आलं दुसऱ्यात. कांदा, मिरची, मोहरी, कढीपत्ता मात्र दोन्हींना लागतात. ते मधल्या सामाईक जागेत. हा मधला भाग म्हणजे छेद संच. दोन्ही वर्तुळांतलं सगळं मिळून संयोग संच. जॉन वेन या इंग्रज गणितज्ञाने 1880 साली अशा आकृत्या मांडल्या, म्हणून त्यांना वेन आकृत्या म्हणतात.

मोजून बघा. पोह्यांचे 7 जिन्नस, उपम्याचे 7. पण एकूण 14 नव्हे, 10! मधले 4 दोनदा मोजले गेले, ते एकदा वजा करायचे. मुलांची चूक नेमकी इथेच होते.

आपली होत नाही, बरं का. हळदीकुंकवाला इमारतीतल्या 24 जणी आणि भजनी मंडळाच्या 18 जणी बोलवायच्या, त्यातल्या 7 दोन्हींकडच्या. तुम्ही वाणं 42 आणता का? 35च आणता. 24 अधिक 18 वजा 7. पुस्तकातलं सूत्र ते हेच!

खुणाही सोप्या आहेत. संयोगाची खूण उताण्या वाटीसारखी. तिच्यात सगळं मावतं. छेदाची पालथ्या वाटीसारखी. संयोगात 'किंवा' येतं, छेदात 'आणि'. मात्र गणितातल्या 'किंवा'मध्ये दोन्हींकडे असणारेही धरायचे, हे लेकीला आवर्जून सांगा.

म्हणजे बघा, वाण्याची यादी करताना आपण संयोग करतो: प्रत्येकाला हवं ते सगळं, पण एकेकदाच लिहिलेलं. स्वयंपाक ठरवताना छेद: सासऱ्यांना चालेल आणि मुलंही खातील अशी भाजी. आणि अशी एकही भाजी नसेल तर? तो रिक्त संच. त्या दिवशी आपल्याला दोन भाज्या कराव्या लागतात!

तेव्हा आज लेक ओट्याशी आली की 'बाबांना विचार' म्हणू नका. हात धुवा, खडू घ्या आणि तिच्यासोबत खाली बसा. कणीक थोडी मुरली तर पोळ्या मऊच होतील.