एका पेन ड्राइव्हचे पाच कसे होतील?

तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात 20 संगणक आहेत आणि त्या सर्वांवर लिनक्स ही कार्यप्रणाली नव्याने बसवायची आहे, असे समजा. हाताशी पेन ड्राइव्ह एकच. एका संगणकाला 20 मिनिटे धरली, तर एकूण 400 मिनिटे, म्हणजे शाळेचा अख्खा दिवस गेला. तेच पाच पेन ड्राइव्ह असतील, तर चार फेऱ्यांत, 80 मिनिटांत काम आटोपेल. मग उरलेले चार तयार कसे करायचे?

"त्यात काय! पहिल्यातल्या सर्व फाइली दुसऱ्यात उतरवू," असे तुम्ही म्हणाल. करून पाहा. नव्या पेन ड्राइव्हवर सर्व फाइली दिसतील. परंतु जुना संगणक त्यावरून बहुधा सुरू होणार नाही. असे का बरे व्हावे?

कळ दाबली त्या क्षणी संगणकाच्या स्मृतीत कार्यप्रणाली नसते. जुन्या यंत्रात तर फाइल म्हणजे काय, हेही त्या वेळी कोणाला ठाऊक नसते. बायोस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम तेथे चिपमध्ये बसलेला असतो. तो पेन ड्राइव्हचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे पहिले 512 बाइट, स्मृतीत आणतो आणि त्यातील आज्ञांच्या हवाली कारभार करतो. या 512 पैकी 446 बाइटांत सुरुवातीचा प्रोग्रॅम, 64 मध्ये विभागांचा तक्ता आणि शेवटच्या 2 मध्ये ओळखखूण असते. एवढ्याशा जागेत कार्यप्रणाली थोडीच मावणार! तो प्रोग्रॅम आपल्याहून मोठ्याला बोलावतो, तो त्याहून मोठ्याला. (आपल्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलायचे, अशी इंग्रजीत एक थट्टा आहे. संगणक 'बूट' होतो, तो त्यावरूनच.) हा पहिला सेक्टर कोणत्याही फाइलीत नसतो. म्हणून फाइली उचलल्या, तरी तो मागेच राहतो.

अलीकडच्या संगणकांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. त्याला फॅट पद्धतीची मांडणी वाचता येते व तो ठरलेल्या नावाची फाइल स्वतः शोधतो. तेथे नुसत्या फाइली उतरवूनही पुष्कळदा भागते. पण शाळेत दोन्ही पिढ्यांची यंत्रे शेजारी-शेजारी नांदत असतात ना!

तेव्हा खात्रीचा मार्ग एकच : पहिल्या बाइटापासून ओळीने सर्व काही जसेच्या तसे उतरवणे. अशा सलग नकलेच्या फाइलीला इमेज म्हणतात. ती लिहिण्यासाठी लिनक्समध्ये 'डीडी' ही आज्ञा आहे. इमेज 4 गिगाबाइटची आणि लिहिण्याचा वेग सेकंदाला 10 मेगाबाइट असला, तर सुमारे 7 मिनिटे लागतील. मात्र ही आज्ञा "खरेच लिहू का?" असे विचारत नाही. पेन ड्राइव्हऐवजी हार्ड डिस्कचे नाव दिलेत, तर ती हार्ड डिस्कवर लिहू लागेल आणि शाळेचे निकालपत्रक क्षणात नाहीसे होईल. नाव व आकार दोघांनी मिळून तपासावा. 16 गिगाबाइटच्या जागी 500 दिसले, तर हात आवरावा.

एकाचे दोन, दोनाचे चार असे करत गेलो तर? वेळ वाचेल, पण दुसऱ्या पेन ड्राइव्हमध्ये शिरलेली चूक त्याच्या सर्व वंशजांत उतरेल. म्हणून प्रत्येक नक्कल एकाच मूळ इमेजवरून करावी व ती पडताळावी. शा-256 ही गणिती रीत कितीही मोठ्या फाइलीचा 64 चिन्हांचा ठसा काढते. एक बिट बदलला, तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. पडताळताना पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे काढून पुन्हा लावा, नाहीतर संगणक आपल्या स्मृतीतलीच माहिती वाचून "सर्व ठीक" म्हणेल. आणि इमेजच्या लांबीइतकेच बाइट वाचा; त्यापुढची रिकामी जागा मोजलीत, तर ठसे जुळणार नाहीत.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. पेन ड्राइव्हची ही खटपट सोडून, एका संगणकाची पूर्ण तयार हार्ड डिस्कच उरलेल्या 19 संगणकांवर उतरवली तर? ते सुरू होतील. पण प्रणाली बसवताना यंत्राला मिळालेला ओळख-क्रमांकही सर्वांचा एकच होईल, आणि काही प्रणालींत जाळ्यावर दोन यंत्रे एकाच पत्त्यावर हक्क सांगू लागतील. तो क्रमांक प्रत्येक यंत्रावर नव्याने कसा पाडायचा, हे आपल्या शिक्षकांच्या मदतीने शोधून काढा.