प्राध्यापकांना शिकवायला कोण शिकवते?

शाळेत शिक्षक व्हायचे तर डी.एड. किंवा बी.एड. करावे लागते. महाविद्यालयात आणि विद्यापीठात मात्र शिकवण्याची अशी कोणतीही पदवी लागत नाही. पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. असली की पुरते. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर काही प्रश्न असतात, पण वर्गासमोर उभे राहून शिकवून दाखवावे लागत नाही. ज्याला विषय येतो त्याला शिकवताही येते, असे व्यवस्थेने गृहीत धरले आहे.

या गृहीतकाची सर्वाधिक किंमत आपली मुले मोजतात. वस्तीत आणि वसतिगृहांत काम करताना आम्हाला प्रथम वर्षाची अशी अनेक मुले भेटतात, ज्यांच्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. सर नोट्स सांगतात, मुले उतरवून घेतात, तास संपतो. न समजलेले विचारायची भीती वाटते, कारण विचारले की इंग्रजी उघडे पडते. ज्याच्या घरी शिकलेली माणसे आहेत किंवा क्लासला पैसे आहेत, तो बाहेरून भरून काढतो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, तो नापास होतो आणि दोष स्वतःलाच देतो. आरक्षण आणि शिष्यवृत्ती त्याला वर्गाच्या दारापर्यंत आणतात. दाराच्या आत काय घडते, ते प्राध्यापकाच्या हाती असते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मांडला होता. मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीला १९२४ साली दिलेल्या निवेदनात त्यांनी केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठावर टीका केली आणि शिकवणे हे विद्यापीठाचे स्वतःचे काम असले पाहिजे, अशी भूमिका घेतली. ते अनुभवाने बोलत होते. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते.

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था आज आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे ती मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून त्यांना मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणतात. नव्या प्राध्यापकांसाठी साधारण महिनाभराचा प्रारंभिक कार्यक्रम आणि नंतर दोन आठवड्यांचे उजळणी वर्ग असतात. मालवीय मिशनच्या आठ विषयांपैकी एक विषय विद्यार्थ्यांची विविधता आणि सर्वसमावेशक शिक्षण हा आहे. म्हणजे आपला प्रश्न कागदावर आलेला आहे.

अडचण पुढे आहे. हे कार्यक्रम पदोन्नतीशी जोडलेले आहेत. त्यामुळे अनेकांचे लक्ष प्रमाणपत्रावर असते. व्याख्याने ऐकली, ऑनलाइन हजेरी लागली, प्रमाणपत्र मिळाले, आणि परत येऊन पुन्हा त्याच जुन्या नोट्स. दुसरे म्हणजे, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते. प्रशिक्षणाला गेले की तास बुडतात, आणि पदोन्नती तर त्यांना नाहीच. प्रथम वर्षाचे वर्ग बऱ्याचदा त्यांच्याच भरवशावर चालतात. त्यांना दोष देऊन भागणार नाही. प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन त्यांना मिळालेच पाहिजे.

खरे प्रशिक्षण वर्गात दिसते. सहकारी प्राध्यापक मागच्या बाकावर बसून तास पाहतो आणि नंतर मोकळेपणाने बोलतो. सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छोटी चाचणी होते, म्हणजे कोण मागे पडतोय ते परीक्षेआधी कळते. अवघड संज्ञा इंग्रजीसोबत मराठीतही समजावल्या जातात. तथागतांनी धम्म लोकांच्या बोलीत सांगितला, तो लोकांना कळावा म्हणूनच. आणि विद्यार्थ्याला भर वर्गात "तू कोणत्या कोट्यातून आलास?" असे विचारणे हा भेदभाव आहे, हेही प्राध्यापकांना प्रशिक्षणातच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

यात आपण काय करू शकतो? नॅक मूल्यांकन झालेल्या प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आयक्यूएसी असतो. त्यात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि स्थानिक समाज यांचे प्रतिनिधी घ्यायचे असतात. आपल्या महाविद्यालयात ते कोण आहेत, याची चौकशी करा. जागा नावापुरत्या भरल्या असतील तर आपल्यातले जाणते माजी विद्यार्थी पुढे करा. आयक्यूएसीचा वार्षिक अहवाल महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असतो. त्या वर्षी किती प्राध्यापकांनी प्रशिक्षण घेतले, हा आकडा त्यात मिळतो. तो वाचा आणि बैठकीत विचारा, की या प्रशिक्षणानंतर वर्गात काय बदलले? नॅकचे विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले तर ते घाईत भरून टाकू नका. शिकवण्याबद्दल जे खरे आहे तेच लिहा.

हे प्राध्यापकांच्या विरोधातले आंदोलन नाही. मन लावून शिकवणारे प्राध्यापक आपल्या अनेकांच्या आयुष्यात आले, म्हणून आपण इथवर पोहोचलो. तसे प्राध्यापक भेटणे हा नशिबाचा भाग राहू नये, एवढीच मागणी आहे. प्रवेशासाठी आपण लढलो आणि लढत आहोत. आता वर्गात जे शिकवले जाते, ते शेवटच्या बाकापर्यंत पोहोचते का, हेही विचारू या.

जय भीम!