खोली बघण्याआधी वाट बघा

गटाच्या बैठकीत अलीकडे एक प्रश्न सारखा येतो. कुणाच्या लेकीला वाळूजच्या कंपनीत काम लागतं, कुणाची सून नर्सिंग शिकायला जाते, कुणाचं सगळं घरच शेतीवर भागत नाही म्हणून छत्रपती संभाजीनगरला जायचं म्हणतं. मग विचारतात, "ताई, शहरात कुठली वस्ती चांगली?" आजचं बोलणं त्यावरच आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. आमच्या फुलंब्री तालुक्यातल्या एका गटातल्या ताईंची लेक आयटीआय करून वाळूज एमआयडीसीत लागली. नाव सांगत नाही. गटातून दहा हजारांचं अंतर्गत कर्ज काढून खोलीची अनामत भरली. भाडं अठराशे. दुपारी बारा वाजता मायलेकी आणि मी खोली बघायला गेलो. नळ सोडून पाहिला, पंखा लावून पाहिला, फरशी नवीन होती. खूश होऊन परत आलो.

पंधरा दिवसांनी पोरीला दुसरी पाळी लागली. ती सुटायची रात्री. शेअर रिक्षा मुख्य रस्त्यावर सोडायची आणि तिथून खोलीपर्यंत दहा मिनिटांची पायवाट होती. एका बाजूला मोकळे प्लॉट, दुसऱ्या बाजूला दारूचं दुकान, खांब होते पण दिवे नव्हते. दोन पोरं मोटारसायकल हळू करून तिच्या मागे मागे यायची. पोरीनं आईला सांगितलं नाही, आई परत बोलावून घेईल म्हणून. दोन महिन्यांनी तिनंच काम सोडलं. गावात लोक म्हणाले, पोरगी कामाला कच्ची निघाली. ताईंनी निंदणी-खुरपणीच्या मजुरीतून गटाचे हप्ते फेडले. मैत्रिणींनो, पोरगी कच्ची नव्हती. आम्ही खोली बघितली होती, वाट बघितलीच नव्हती.

तेव्हापासून आमच्या गटात लेक शहरात पाठवायची म्हटली की चार गोष्टी बघतो.

पहिली गोष्ट, दिशा. कामाच्या जागा शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. वाळूज पश्चिमेकडे, पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावर. १९८५ मध्ये तिथे बजाज ऑटोचा कारखाना आला आणि बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी, आणि आषाढीला आपण जातो ते छोटं पंढरपूर, ही गावं-वस्त्या कामगारांनी भरत गेल्या. चिकलठाणा आणि शेंद्रा पूर्वेला, जालना रस्त्यावर. चितेगाव, बिडकीन दक्षिणेला, पैठण रस्त्यावर. वाळूजला काम आणि मुकुंदवाडीला खोली घेतली तर रोज सगळं शहर ओलांडायचं. दोन वेळा गाडी बदलायची, आणि एक चुकली की दुसरीही चुकते.

म्हणून आधी कंपनीचा किंवा कॉलेजचा नेमका पत्ता विचारा, मग वस्ती शोधा. गावाची दिशाही धरा. गंगापूरकडची बस वाळूजवरूनच शहरात येते. करमाड-बदनापूरच्या लेकीला शेंद्रा, चिकलठाणा सोयीचं. आमच्या फुलंब्रीची बस हर्सूलवरून शहरात उतरते, तिथून वाळूज म्हणजे पुन्हा एक प्रवास.

कधी कधी खोली घ्यायचीही गरज नसते. लासूर, पोटूळ, दौलताबाद, करमाड ही स्टेशनं रेल्वेमार्गावरच आहेत, शहरात मुख्य स्टेशनाशिवाय मुकुंदवाडी आणि चिकलठाणा ही स्टेशनं आहेत. रेल्वेचा महिन्याचा पास स्वस्त पडतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण भाड्याआधी वेळ विचारा. पाळी सुटल्यावर शेवटची गाडी मिळते का? मिळत नसेल तर ती सोय कागदावरचीच.

दुसरी गोष्ट, शेवटची दहा मिनिटं. बस किंवा रिक्षा सोडते तिथून दारापर्यंतची वाट. ती आपण स्वतः चालायची, आणि लेक ज्या वेळी चालणार त्याच वेळी. पाळी रात्री सुटत असेल तर रात्री जा. एकटी नको, दोघी-तिघी मिळून जा. रस्त्यावरचे दिवे लागतात का? उशिरापर्यंत उघडं असणारं किराणा किंवा औषधाचं दुकान वाटेत आहे का? बायका-पोरी त्या वेळी बाहेर दिसतात का? रिकाम्या रस्त्यापेक्षा गजबजलेला रस्ता बरा. बायका नऊच्या आत दारं लावून घेत असतील तर त्यांना कारण विचारा.

चौकशी घरमालकाकडे करू नका, त्याला खोली द्यायची आहे. चौकशी किराणा दुकानातल्या बाईकडे करा, अंगणवाडीच्या ताईंकडे करा, आशाताईंकडे करा. आपले उमेदचे गट आहेत तसे शहरातल्या वस्त्यांतही बचत गट आहेत. त्यांच्या बैठकीत पाच मिनिटं जाऊन बसलात तर दलाल महिनाभर सांगणार नाही ते कळेल.

एक कडू गोष्टही बोलते. आडनाव विचारून, धर्म विचारून खोली नाकारणारे भेटतील. आपणही कधी कधी वस्तीचं नाव ऐकूनच 'तिकडे नको' म्हणतो. दोन्ही चूकच. कुणाची वस्ती आहे त्यावरून सुरक्षितपणा ठरत नाही. उजेड, माणसांची वर्दळ आणि हाकेला धावणारे शेजारी यावरून ठरतो.

खोलीत गेल्यावर कडी आतून नीट बसते का बघा. संडास कुठे आहे, जिन्यात दिवा आहे का, घरमालकाचं कुटुंब तिथेच राहतं का, तेही बघा. जवळचं पोलीस ठाणं कोणतं ते विचारून ठेवा. लेकीच्या मोबाइलमध्ये ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ हे दोन्ही नंबर घाला. रात्रपाळीला बायकांना बोलवायचं तर त्यांच्या सुरक्षेची आणि जाण्यायेण्याची सोय कंपनीनं करायची असते, म्हणून गाडी आहे का, ती कुठपर्यंत सोडते, हे काम धरतानाच विचारा. विचारायला लाजायचं काही कारण नाही.

तिसरी गोष्ट, पाणी. जायकवाडी धरण शेजारी पैठणला आहे, शहराला पाणी तिथूनच येतं, तरी कितीतरी वसाहतींत नळ काही दिवसांआड येतो. येतो तो कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री. कामावर जाणारी पोरगी एकटी राहत असेल तर पाणी भरणार कोण? म्हणून विचारा: पाणी किती दिवसांनी येतं, टाकी आहे का, बोअर उन्हाळ्यात टिकतो का, टँकरचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे? हे मे महिन्याचं विचारा, पावसाळ्याचं नको.

चौथी गोष्ट, कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. अनामत किती, ती परत कधी मिळणार, वीजबिल कुणी भरायचं, हे करारात लिहून घ्या. आम्ही दहा हजार दिले तेव्हा साधी पावतीसुद्धा घेतली नव्हती.

खोलीऐवजी कुणी 'प्लॉटच घ्या, हप्त्यानं देतो' म्हणालं तर आणखी सावध राहा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे गुंठ्याचे किंवा वीस बाय तीसचे तुकडे पाडून बाँड पेपरवर विकण्याचा धंदा आपल्या शहराभोवती कितीतरी वर्षं चालला. त्यातूनच गुंठेवारी वसाहती झाल्या. त्या नियमित करायला २००१ मध्ये कायदा आला, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. पण नियमित करायलाही पैसे भरावे लागतात, आणि तोवर रस्ता, ड्रेनेज, नळ यांची वाट बघत बसावं लागतं. मुदत पुढे पुन्हा वाढेल या भरवशावर दागिने मोडू नका. आधी सातबारा बघा, जमीन एनए आहे का आणि लेआउट मंजूर आहे का विचारा, खरेदीखत रजिस्टर होत असेल तरच पुढे जा. शंका आली तर कागद तलाठ्याला किंवा ओळखीच्या वकिलाला दाखवा, मगच बयाणा द्या.

आता हिशोब. आमच्या त्या अठराशेच्या खोलीला रिक्षाचे रोजचे चाळीस रुपये पडत होते. सव्वीस दिवसांचे झाले एक हजार चाळीस. म्हणजे खोली पडली दोन हजार आठशे चाळीसला, वर रात्रीची भीती वेगळी. कंपनीच्या जवळ, भर वस्तीत, दोन हजार सातशेची खोली आम्ही 'महाग' म्हणून सोडून दिली होती. भाडं, गाडीखर्च आणि पाणी एकाच ओळीत मांडा, मग कुठली खोली स्वस्त ते ठरवा.

ती लेक पुढच्या वर्षी परत गेली, वाळूजलाच. या वेळी आई आणि मी रात्री कंपनी सुटायच्या वेळी गेलो. फाटकापासून दारापर्यंत तिच्यासोबत चाललो. वाटेत एक मेडिकल उघडं होतं, पुढं दोन खानावळी होत्या, आणि त्याच पाळीतल्या तीन पोरी त्याच गल्लीत वळल्या. ताईंनी पोरींना तिथंच थांबवून विचारलं, "तुमच्यात एक जागा आहे का गं?" आता चौघी मिळून राहतात, भाडं वाटून घेतात, पाणी आलं की जी घरी असेल ती भरते.

पुढच्या बैठकीत एक वही काढा. आपल्या गावातली कोणती लेक, कोणती सून शहरात कुठल्या वस्तीत राहते, ते त्यात लिहा. तिला विचारून तिचा फोन नंबरही लिहा. नवीन पोरगी निघाली की आधी त्या वहीत बघा आणि मग जाऊन वाट बघा.