ट्रॅक्टर दिसतो, पण मागची ट्रॉली दिसते का? दिव्यांचा नियम समजून घ्या

गळीत हंगाम सुरू झाला की अंधार पडल्यावर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॅक्टरच्या टपावर रंगीत लायटिंग अन् गाणी, मागं मात्र काळोख. मोटारसायकलवाल्याला ऊस दिसतो तो अगदी जवळ आल्यावर.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०५ वा नियम सांगतो, की सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासापासून सूर्य उगवायच्या अर्धा तास आधीपर्यंत वाहनाचे दिवे चालू पाहिजेत. उजेड कमी असेल तर इतर वेळीही, म्हणजे पहाटेच्या धुक्यातसुद्धा. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि मागच्या नंबर प्लेटवर पांढरा उजेड पाहिजे. शिवाय १०४ व्या नियमानुसार मागं दोन लाल रिफ्लेक्टर.

१५५ मीटर कशाला? ताशी ६० नं येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. १५५ मीटरवर दिवा दिसला तर नऊ सेकंद मिळतात. दिवा नसेल तर ४०-५० मीटरवर, स्वतःच्या हेडलाइटमध्ये ट्रॉली दिसणार. हातात उरले तीन सेकंद.

गेल्या हंगामात आमच्याच ट्रॉलीला एक पोरगा धडकता धडकता वाचला. दिवा चालू होता, मी घरून निघताना स्वतः बघितला होता. पण तेव्हा ट्रॉली रिकामी होती. ऊस भरल्यावर मागं लोंबलेल्या वाढ्यांनी दिवा पार झाकून गेला. तेव्हापासून भरून झाल्यावर मागं जाऊन बघतो.

जोड ट्रॉली असेल तर वायर दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत न्या, दिवा शेवटच्या ट्रॉलीच्या मागं हवा. दिवा मिणमिणत असेल तर बहुतेक वेळा बल्ब नाही, अर्थिंग खराब असतं. हुकाच्या गंजक्या पिनेवर भरवसा न ठेवता अर्थिंगची वेगळी वायर ओढा.

बरेच जण शेतात कामाला लावलेला मागचा पांढरा दिवा रस्त्यावरही चालू ठेवतात. ते चुकीचं. १०८ व्या नियमानं मागं लाल दिवाच चालतो (नंबर प्लेट, इंडिकेटर, रिव्हर्स लाइट सोडून). पांढऱ्या झोतानं मागच्याचे डोळे दिपतात.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १५०० पर्यंत तरतूद आहे. पण खरी भीती दंडाची नाही. रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीवर कोणी आदळलं तर चूक धडकणाऱ्याचीच, असं कोर्ट धरून चालत नाही. भरपाईत ट्रॉलीमालकाचाही वाटा निघू शकतो.

टायर फुटून ट्रॉली रस्त्यात अडली तर बॅटरी असेपर्यंत मागचा दिवा चालू ठेवा, लांबवर रिफ्लेक्टरची पाटी ठेवा. आणि चाकाला लावलेले दगड निघताना उचला. ते तसेच रस्त्यात पडलेले असतात अन् रात्री त्यावरूनच कोणीतरी पडतं.